घेल गांवचे आश्रित

बेल्जम देशाच्या उत्तर भागांत, अँटवर्प प्रांतांत, केंपेन नांवाचा एक वाळसर मुलूख आहे. जमीन हलकी, जागोजाग माळ आणि झुडपें. खत आणि माणसांचे कष्ट यांवांचून तेथें पूर्वीं कांहीं पिकत नसे. या मुलुखांत घेल नांवाचें एक गांव आहे. युरोपांतील मोठमोठ्या राजधान्यांना जें साधलें नाहीं, तें या गांवच्या शेतकऱ्यांनीं, सुतारांनीं, चांभारांनीं आणि त्यांच्या बायकांनीं पांच शतकांहून अधिक काळ चालविलें. ज्यांची बुद्धि भ्रमिष्ट झाली आहे अशीं परकीं माणसें त्यांनीं आपल्या घरांत ठेवून घेतलीं, आपल्या पंक्तीला बसविलीं, आणि त्याबद्दल रोख पैसेहि घेतले.

हा शेवटला मुद्दा मुद्दाम आरंभींच सांगितला आहे. पैसा आला कीं सेवेंतील माया आटते, असें मानण्याची सर्वत्र रीत आहे. उलट, मायेनें होणाऱ्या कामाचा हिशेब मागूं नये, असेंहि लोक मानतात. मग त्या कामाचा भार ज्या सुनेवर किंवा विधवा बहिणीवर पडतो तिची कंबर मोडली तरी चालेल. घेलचा इतिहास या दोन्ही समजुतींना सरळ होकारहि देत नाहीं व सरळ नकारहि देत नाहीं.

गोष्टीचा उगम एका दंतकथेंत आहे. सातव्या शतकांत आयर्लंडांतील एका मूर्तिपूजक राजाची ख्रिस्ती राणी वारली. राजा शोकानें भ्रमिष्ट झाला. राणीसारखी रूपवती स्त्री शोधूनहि सांपडेना, तेव्हां त्याची दृष्टि आईसारख्याच दिसणाऱ्या स्वतःच्या कन्येवर, डिंफ्नेवर, गेली. कन्या आपल्या वृद्ध धर्मगुरूसह समुद्र ओलांडून पळाली आणि घेलजवळ येऊन राहिली. वाटेंत त्यांनीं खर्चिलेल्या नाण्यांवरून राजाच्या माणसांनीं माग काढला. राजानें धर्मगुरूस मारविलें, आणि मुलगी ऐकेना तेव्हां तिचें मस्तक स्वतःच्या हातानें उडविलें. ही कथा कांब्रे येथील पेत्रुस नांवाच्या एका धर्माधिकाऱ्यानें तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लॅटिनमध्यें लिहून काढली. तिला ऐतिहासिक आधार नाहीं, असें इतिहासज्ञ म्हणतात, आणि तें खरेंच असावें. परंतु लोकांनीं त्या कथेचा जो अर्थ घेतला तो मात्र ऐतिहासिक सत्य आहे. वेडाच्या भरांत बापानें जिचा वध केला, ती मुलगी वेड्यांची वैरीण न होतां त्यांची कैवारीण झाली, अशी श्रद्धा उत्पन्न झाली. दूरदूरचे लोक आपल्या घरचीं भ्रमिष्ट माणसें घेऊन तिच्या स्थानीं येऊं लागले.

१३४९ सालीं तेथें मोठ्या देवळाच्या बांधकामास आरंभ झाला. १४८९ मध्यें तें आगीनें जळलें व पुन्हां उभारण्यांत आलें. देवळाला लागूनच रोग्यांकरितां एक खोली होती. तींत नऊ दिवसांचें अनुष्ठान चाले. रोग्यानें देवळांत प्रार्थना करावी, आणि संत डिंफ्नेच्या अस्थींची पेटी ज्या चौथऱ्यावर ठेवलेली असे त्याच्या खालून गुडघ्यांवर रांगत जावें, असा तो विधि होता. नऊ दिवसांनीं कोणी बरे होऊन जात. जे बरे होत नसत त्यांना दुसरें अनुष्ठान घ्यावें लागे, आणि यात्रेकरूंची दाटी झाली म्हणजे खोलींत जागा उरत नसे. तेव्हां देवळाचे अधिकारी जवळपासच्या घरवाल्यांना विनंती करीत कीं, या माणसाला चार दिवस तुमच्याकडे राहूं द्या. चार दिवसांचे चार महिने होत. बरा न झालेला मनुष्य संताच्या सान्निध्यांत राहावा म्हणून त्याचे नातलग त्याला तेथेंच ठेवून जात, व त्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ते किंवा त्याच्या गांवचे अधिकारी पाठवीत.

हें सारें कोणाच्या योजनेंतून झालें नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कोणी तत्त्ववेत्त्यानें ग्रंथ लिहिला नव्हता. कोणी राजानें फर्मान काढलें नव्हतें. देवळांत जागा अपुरी पडली आणि शेजाऱ्यांच्या पडवींत एक अंथरूण अधिक पडलें, एवढेंच. गरीब शेतकऱ्याला त्या अंथरुणामागें थोडें रोकड उत्पन्न मिळूं लागलें, आणि त्या माणसाचे दोन हात शेतींतहि उपयोगीं पडूं लागले. श्रद्धा, गरज आणि शेजारधर्म हीं तिन्ही एकमेकांत अशीं मिसळलीं कीं, पुढें त्यांना वेगळें काढणें कोणालाच जमलें नाहीं.

अशा आश्रिताला तेथील भाषेंत ‘कोस्टगांगर’ म्हणतात. म्हणजे मोबदला देऊन दुसऱ्याच्या घरीं राहणारा व जेवणारा मनुष्य. आपल्याकडे वारानें जेवणारा विद्यार्थी असे त्याची येथें आठवण होईल. पण वार लावणारी गृहिणी पैसे घेत नसे, आणि विद्यार्थी आठ दिवसांत सात घरें फिरे. घेलचा आश्रित एकाच घरीं राही, आणि पुष्कळदां मरेपर्यंत राही. ध्यानांत घेण्यासारखें आहे तें हें कीं, त्या शब्दांत ‘वेडा’ या अर्थाचें एकहि अक्षर नाहीं.

फ्रेंच राज्यक्रांतीचें वारें बेल्जममध्यें शिरलें तेव्हां या व्यवस्थेचा अंत होण्याची वेळ आली. १७९७ मध्यें देवळाचे दरवाजे बंद झाले. पण देवळावांचूनहि गांवानें आपला जुना क्रम सोडला नाहीं, आणि लवकरच फ्रेंच अधिकाऱ्यांनाच त्याची गरज भासली. ब्रुसेल्सच्या एका दुर्दशेला पोंचलेल्या आश्रमांत तेथील वेडे कोंडलेले होते. पाँतेकुलाँ नांवाच्या प्रांताधिकाऱ्यानें १८०३ मध्यें त्यांना तेथून काढून घेल येथें घरोघर ठेवण्याची व्यवस्था केली. पुढें दुसऱ्या शहरांनींहि तोच मार्ग धरला. ज्या राज्यव्यवस्थेनें संताचें देऊळ बंद केलें, तिनेंच संताच्या गांवाकडे रोगी पाठविले! इतिहास असे खेळ पुष्कळदां खेळतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत वेड्यांसाठीं मोठमोठीं इस्पितळें बांधण्याचा काळ आला होता. साखळदंड काढावे, मारहाण बंद करावी, रोग्याला स्वच्छ हवा आणि नियमित दिनक्रम द्यावा, हें त्या चळवळीचें ध्येय होतें, आणि तें उदात्त होतें यांत शंका नाहीं. परंतु हें सारें उंच भिंतींच्या आंत, वैद्याच्या नजरेखालीं व्हावें असा तिचा आग्रह होता. अशा वेळीं एस्किरोल हा पॅरिसचा नामांकित मनोवैद्य १८२१ मध्यें घेल पाहण्यास आला. भ्रमिष्ट माणसें रस्त्यांतून आणि शेतांतून मोकळीं हिंडत आहेत, गांवकरी त्यांच्याकडे वळूनहि पाहत नाहींत, पोरें त्यांच्या मागें लागत नाहींत, हें पाहून त्याला आश्चर्य वाटलें. पण कांहींच्या पायांत लोखंडी बेड्या होत्या हेंहि त्यानें पाहिलें. पळून जाण्याची किंवा दांडगाई करण्याची संवय असलेल्यांना घरवाले बेड्या घालीत. गांवांत वैद्यकीय देखरेख अशी नव्हतीच. घेंट शहरचा गिस्लेन हा बेल्जमचाच थोर मनोवैद्य. त्यानें या पद्धतीवर कडक टीका केली. उलट १८४२ मध्यें आलेल्या मोरो द तूर या फ्रेंच वैद्यानें तिची मनापासून प्रशंसा केली. दोघांचेंहि म्हणणें खरें होतें. एकाला बेडी दिसली. दुसऱ्याला बेडी नसलेले शेंकडों पाय दिसले.

१८५० सालीं बेल्जम सरकारनें वेड्यांविषयीं कायदा केला आणि घेलची व्यवस्था सरकारी देखरेखीखालीं घेतली. डॉ. पारिगो हे पहिले वैद्यकीय निरीक्षक झाले. गांवाचे चार विभाग पाडले, प्रत्येकाला एक वैद्य व एक रखवालदार नेमला. जे रोगी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठण्यासारखे असतील, ज्यांना आगी लावण्याचें वेड असेल, त्यांना घेलमध्यें ठेवूं नये असें ठरलें. पुढें डॉ. बुल्केन्स यांच्या कारकीर्दीत, १८६२ मध्यें, एक लहान इस्पितळ उघडलें. नवा रोगी आधीं तेथें कांहीं दिवस ठेवीत, त्याचा स्वभाव पाहत, आणि मग कोणत्या घरीं तो रुळेल याचा विचार करून त्याला तेथें पाठवीत. बेड्या हळूहळू गेल्या. त्या सुमारास गांवांत सुमारें ८०० आश्रित होते.

या इस्पितळाची स्थापना घेलच्या इतिहासांतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हटली पाहिजे. सरकारनें मनांत आणतें तर आठशें खाटांची एक इमारत उठवून घेलचा कारभार एका दिवसांत ‘सुधारला’ असता. तसें न करतां वैद्य मागें उभा राहिला आणि घर पुढें राहिलें. वैद्य आणि परिचारिका यांनीं घरीं येऊन पाहून जावें, रोग वाढला तर कांहीं दिवस रोग्याला इस्पितळांत न्यावें, आणि बरें वाटतांच त्याला त्याच घरीं परत पोंचवावें, हा क्रम तेव्हां पडला.

या काळांत घेलचें नांव दूरवर इतकें झालें होतें कीं, हॉलंडांतील एका पाद्र्यानें १८८० मध्यें आपल्या सत्तावीस वर्षांच्या विक्षिप्त मुलाला तेथें ठेवण्याचा विचार केला. मुलानें निकरानें विरोध केला व बेत फसला. तो मुलगा म्हणजे चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग. तो घेलला गेला असता तर काय झालें असतें, याचा तर्क करण्यांत अर्थ नाहीं. एवढें खरें कीं पुढें नऊ वर्षांनीं त्याला वेड्यांच्या आश्रमांत राहावें लागलेंच.

आतां त्या घरांच्या आंत काय चाले तें पाहूं गेल्यास, पहिली गोष्ट नजरेस येते ती कामाची. आश्रिताला काम करण्याची सक्ती नसे, पण घरांतील सगळींच माणसें कांहींना कांहीं करीत असतां एकटें बसून राहणें कोणालाहि जड जातें. कोणी गुरें पाही, कोणी बटाटे खणी, कोणी पाणी आणी. स्त्रिया शिवण-टिपण करीत, लेस विणीत. मुलें सांभाळणें हें काम तर ठरलेलेंच होतें. ज्या माणसाला त्याच्या स्वतःच्या शहरांत कोणी दाराशीं उभें केलें नसतें, त्याच्या मांडीवर घेलची आई आपलें तान्हें मूल निःशंक ठेवून दूध काढण्यास जाई. या विश्वासाचा गैरवापर फारच क्वचित् झाला, असें तेथील वैद्य पिढ्यान् पिढ्या सांगत आले. तीं मुलें मोठीं होत तीं आश्रितांच्या अंगाखांद्यांवर, त्यामुळें त्यांना भ्रमिष्टाची भीतीच शिवत नसे. आईबाप वारले म्हणजे घराबरोबर आश्रितहि मुलाकडे किंवा मुलीकडे येई. ज्यानें लहानपणीं आपल्याला खेळविलें त्यालाच पुढें म्हातारपणीं भरवावें लागे. कोण कोणाला सांभाळीत होतें, हा प्रश्न अशा घरांत विचारण्याची सोय राहत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. घेलच्या घरवाल्यांना आश्रिताच्या रोगाचें नांव सांगत नाहींत. हा रिवाज विसाव्या शतकांतहि पाळला गेला आहे. घरवाल्याला कोणतें वैद्यकीय शिक्षण देत नाहींत. अमुक एका माणसाला काय आवडतें, कशानें तो बिथरतो, रात्रीं झोपतो कीं नाहीं, एवढेंच सांगतात. रोगाचें नांव कळलें कीं मनुष्य दिसेनासा होतो व रोगच दिसूं लागतो, हें तेथें अनुभवानें ठरलें असावें. शिकलेल्या घरांतून आज याच्या नेमकें उलट होतें. आजोबांना विस्मरण होतें असें न म्हणतां त्यांच्या व्याधीचें लांबलचक विलायती नांव घेतलें कीं, जणूं सर्व कांहीं उमगलें असें वाटतें!

१९७५ च्या सुमारास एक तरुण अमेरिकन अभ्यासक स्त्री घेलमध्यें जाऊन राहिली होती. तिनें पुढें सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. एका घरीं एक आश्रित होता. तो रोज आपल्या सदऱ्याचीं सर्व बटणें पिळून पिळून तोडी, आणि घरची बाई रोज रात्रीं तीं सगळीं पुन्हां शिवून ठेवी. पाहुण्या बाईला वाटलें, हे केवढे व्यर्थ श्रम! तिनें सुचविलें कीं, मासे धरण्याच्या गळाची चिवट दोरी घेऊन बटणें शिवावीं, म्हणजे तुटणार नाहींत. घरची बाई दचकलीच. तिच्या मतें याहून वाईट उपाय दुसरा नव्हता. त्या माणसाला बटणें तोडण्याची गरज होती, तोडल्यानें त्याला बरें वाटे, आणि म्हणून तीं रोज तुटलीं पाहिजेत. दुसऱ्या एका घरीं आश्रिताला भिंतींतून सिंह बाहेर येतांना दिसत. तो भयानें ओरडूं लागला कीं घरची बाई येई आणि सिंहांना हांकून लावी. सिंह जात, व तो शांत होई. शास्त्रशुद्ध वैद्य यावर म्हणेल कीं, रोग्याचा भ्रम असा पोसूं नये. म्हणो बापडा. त्या बाईनें भ्रम पोसला नाहीं व खोडूनहि काढला नाहीं. घरांत सिंह शिरले असतां कोणतीहि गृहिणी जें करील तें तिनें केलें.

बरें करण्याचा ध्यास नसणें, हेंच या संबंधाचें मर्म दिसतें. आई आपल्या तिरसट मुलाला सुधारूं पाहते, बायको नवऱ्याला सुधारूं पाहते, आणि तो सुधारत नाहीं तेव्हां दोघींनाहि तो आपला पराजय वाटतो. घेलच्या घरवालीला असा पराजय ठाऊक नाहीं. आश्रित तिच्या रक्ताचा नाहीं. त्याच्या वेडाचा दोष तिच्या कुळाकडे जात नाहीं. त्यानें बरें व्हावें अशी अपेक्षा घेऊन तो आला नाहीं. रक्ताचें नातें नसणें हें येथें उणें नसून बळ आहे. स्वतःच्या घरीं जो मनुष्य लाजेचा विषय होता, तो परक्याच्या घरीं फक्त एक तऱ्हेवाईक मनुष्य होतो. येथें पैशाचेंहि काम आहे. आश्रिताच्या मागें ठराविक रक्कम येत असल्यामुळें तो कोणाच्या उपकारावर जगत नव्हता, आणि घरवालीहि त्याला ‘पोसतें’ असें म्हणूं शकत नव्हती.

अर्थात् या चित्राला काळी बाजू होतीच. सरकारकडून गरीब आश्रितामागें मिळणारी रक्कम नेहमींच तुटपुंजी असे, आणि हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याला त्याच्या श्रमांचा लोभ सुटणें कठीण नव्हतें. धडधाकट व निरुपद्रवी आश्रिताला मागणी अधिक असे, आजारी व म्हाताऱ्याला कमी. श्रीमंतांचीं माणसें चांगल्या घरांत राहत, गरिबांचीं माळावरच्या झोपड्यांत. देखरेख कडक झाल्यावर, ज्या घरीं हयगय आढळे तेथून आश्रित काढून घेत. उत्पन्न जाई तें जाईच, पण गांवांत नांवहि खालीं होई, आणि हा दुसरा धाक पहिल्याहून अधिक उपयोगी पडला असावा. समानतेलाहि मर्यादा होत्या. आश्रित जेवणाच्या टेबलाशीं असे, देवळांत असे, दारूच्या गुत्त्यांतहि एखादा पेला घेऊन बसे. पण त्यानें गांवच्या मुलीशीं लग्न करावें हें कोणाला मान्य नव्हतें. १९६६ ते १९७५ या वर्षांत अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाच्या पुढाकारानें घेलचा मोठा अभ्यास झाला. त्या अभ्यासांत भाग घेतलेल्या रोसेन्स या बेल्जन मानवशास्त्रज्ञानें ही अदृश्य रेषा नीट दाखवून दिली आहे. गांव आश्रिताला सांभाळून घेतें, त्याच्या विक्षेपाकडे काणाडोळा करतें, परंतु तो आश्रित आहे हें कधीं विसरत नाहीं. ज्यांना घेलमध्यें केवळ स्वर्ग दिसतो त्यांनीं हें वाचावें.

१९०२ मध्यें अँटवर्प येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत मनोवैद्यांनीं घेलची पद्धति अनुकरणीय ठरविली. त्याआधींच बेल्जममध्यें लिएर्नो येथें १८८४ सालीं फ्रेंच बोलणाऱ्यांसाठीं, आणि फ्रान्समध्यें द्युन-स्युर-ओराँ येथें १८९२ सालीं, अशाच वसाहती सुरू झाल्या होत्या. स्कॉटलंडांतहि खेड्यांतील घरांत रोगी ठेवीत. १९३८ सालीं घेलमधील आश्रितांची संख्या ३,७०० हून अधिक झाली होती. ती पुढें कधींच इतकी झाली नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओहोटी लागली. नवीं औषधें निघालीं व पुष्कळ रोगी स्वतःच्या घरीं राहूं लागले. शेतीचें गांव कारखान्यांचें झालें. ज्या स्त्रीच्या जिवावर ही सारी व्यवस्था उभी होती, ती दिवसभर घरीं असेनाशी झाली, कारण तिला बाहेर पगाराची नोकरी मिळूं लागली. हें लिहितांना कित्येक विद्वानांच्या लेखणींतून खेदाचा सूर उमटतो. तो सूर थोडा तपासला पाहिजे. संताच्या, शहराच्या, वैद्याच्या आणि शेतकऱ्याच्या नांवावर जमा झालेली ही कीर्ति मुख्यतः घरांतील बाईनें कमावलेली होती; पण जुन्या वर्णनांत तिचें नांव फारच विरळा सांपडतें.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं घेलमध्यें सुमारें ५०० आश्रित उरले होते, आणि त्यानंतर ते आणखी कमी झाले. पूर्वीं पंचविशींत आलेला मनुष्य साठीपर्यंत एकाच घरीं राही. आतां कोणी थोड्या दिवसांकरितां येतात, कोणी फक्त दिवसा येऊन जातात. २०२३ च्या डिसेंबरांत युनेस्कोनें घेलच्या या परंपरेची नोंद आपल्या जतन करण्याजोग्या उत्तम रीतींच्या सूचींत केली. गांवच्या इस्पितळांतील परिचारिका अजून ठरलेल्या दिवशीं घरोघर जातात, आश्रिताशीं बोलतात, औषध पाहतात, आणि मग स्वयंपाकघरांत जाऊन घरच्या बाईला विचारतात कीं, तुम्हांला कसें काय जमतें आहे.